आकाशातील प्रवाहाचा ठाव

तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरची माणसे रोज सकाळी कल्याणहून किंवा डोंबिवलीहून लोकल पकडून मुंबईला जातात आणि दिवेलागणीनंतर परततात. कल्याणपासून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपर्यंतचे अंतर सुमारे ५४ किलोमीटर. म्हणजे जाऊन येऊन १०८. मासिक पास काढलेला माणूस हे अंतर रोज कापतो आणि त्यात त्याला काही विशेष वाटत नाही. आता अशी कल्पना करा, की ही लोकल आडवी धावण्याऐवजी सरळ आकाशात चढू लागली. परतीचा प्रवास जवळजवळ संपत आला, कल्याणच्या उतारूंनी दाराकडे सरकायला सुरुवात केली, की ती १०७ किलोमीटर उंचीवर पोचलेली असेल.

तेथे काय असते? हवा असते, पण तिची घनता जमिनीवरच्या हवेच्या दशलक्षांशापेक्षाही कमी. सूर्याचे अतिनील आणि क्ष-किरण या विरळ हवेतील काही अणुरेणूंमधून इलेक्ट्रॉन उडवून लावतात. इलेक्ट्रॉन गमावलेल्या अणुरेणूंना आयन म्हणतात, म्हणून या थराचे नाव आयनांबर. मोकळे इलेक्ट्रॉन आणि आयन असले, की तेथून वीज वाहू शकते. आणि ती खरोखरच वाहते! दिवसा कल्याण-डोंबिवलीच्या माथ्यावरूनही पश्चिमेकडून पूर्वेकडे एक क्षीण प्रवाह वाहत असतो. हाच प्रवाह भारताच्या दक्षिण टोकावर एखाद्या अरुंद, जोरकस नदीसारखा होतो. त्याला विषुववृत्तीय विद्युत्झोत म्हणतात.

तुम्ही लगेच विचाराल, की तेथे तार नाही, खांब नाही, मग हा प्रवाह मोजला कोणी आणि कसा? प्रश्न रास्त आहे. त्याचे पूर्ण उत्तर मिळायला दोनशेहून अधिक वर्षे लागली.

सुईची रोजची भटकंती

चुंबकाची सुई उत्तर-दक्षिण दाखवते हे सर्वांना ठाऊक असते. पण ती अगदी स्थिर नसते. १७२२ साली लंडनमध्ये जॉर्ज ग्रॅहॅम या घड्याळे आणि उपकरणे बनवणाऱ्या कसबी माणसाला असे आढळले, की बारकाईने पाहिले तर सुई दिवसभरात किंचित इकडून तिकडे सरकते आणि रात्री पुष्कळशी स्वस्थ असते. सूर्याशी सुईचा काय संबंध? १८२० साली अर्स्टेडने तारेतून वाहणारा विद्युत्प्रवाह जवळची सुई वळवतो हे दाखवले, आणि १८८२ साली बाल्फोर स्ट्यूअर्टने धाडसी तर्क मांडला: वातावरणाच्या अगदी वरच्या भागात विद्युत्प्रवाह वाहत असले पाहिजेत, आणि तेच ही सुई हलवत असले पाहिजेत. आयनांबराचा शोध तेव्हा लागायचा होता.

या सुईचे वेध आपल्याकडेही फार पूर्वीपासून घेतले जात होते. मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ साली चुंबकीय निरीक्षणे सुरू झाली. तेथे काम करणाऱ्या तरुणांमध्ये अलिबागजवळच्या नागावचे केरो लक्ष्मण छत्रे, म्हणजे पुढे लोकमान्य टिळकांचे गुरू झालेले केरूनाना, हेही होते. विशी न ओलांडलेला हा मुलगा दुर्बिणीतून सुईची जागा पाहत आणि टिपत असे. आपण टिपतो आहोत ती आकाशातल्या विजेची सावली आहे, हे तेव्हा जगात कोणालाच माहीत नव्हते. तरी त्या लोकांनी आकडे काटेकोर लिहिले, म्हणून ते आजही उपयोगी पडतात.

पुढे मुंबईत घोड्यांच्या ट्रामऐवजी विजेच्या ट्राम येणार असे ठरले. ट्रामचा प्रवाह रुळांतून गळून जमिनीत पसरतो आणि सुया बिचकतात. वेधशाळेचे प्रमुख डॉ. नानाभाई मूस यांनी चुंबकीय निरीक्षणे खाडीपलीकडे अलिबागला नेली. तेथील इमारत चुंबकत्व नसलेल्या पोरबंदरी दगडाची बांधली. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षे कुलाबा आणि अलिबाग येथे एकाच वेळी मोजमाप चालू ठेवले, म्हणजे जुन्या-नव्या आकड्यांचा सांधा बिनचूक जुळावा. मुंबईत विजेची ट्राम १९०७ साली धावली. केवळ सुईच्या शांततेसाठी सरकारी वेधशाळा समुद्र ओलांडून गेली, ही गोष्ट मला आपल्याकडच्या विज्ञानाच्या इतिहासातील फार मोलाची वाटते.

खालून का कळत नाही?

१९२२ सालापासून पेरू देशातील हुआन्कायो येथे चुंबकीय नोंदी होऊ लागल्या, तेव्हा एक चमत्कारिक गोष्ट दिसली. दुपारच्या सुमारास चुंबकीय क्षेत्रात पडणारा फरक तेथे इतर ठिकाणांच्या मानाने दुपटीहूनही अधिक होता. हुआन्कायो हे चुंबकीय विषुववृत्तावर आहे. ज्या रेषेवर मोकळी टांगलेली सुई अगदी आडवी राहते, तिला चुंबकीय विषुववृत्त म्हणतात. ही रेषा भूगोलाच्या विषुववृत्ताशी जुळत नाही आणि वर्षानुवर्षे थोडी सरकतही असते. भारतात ती दक्षिण टोकाजवळून जाते. १९५१ साली सिडने चॅपमनने या रेषेवरच्या प्रवाहाला आज रूढ असलेले नाव दिले.

पण नाव दिले म्हणजे वस्तू हाती आली असे नाही. प्रवाह किती उंचीवर आहे? थर किती जाड आहे? जमिनीवरून हे ठामपणे सांगता येत नाही. उंचावरचा मोठा प्रवाह आणि थोडा खालचा, निराळ्या रुंदीचा लहान प्रवाह जमिनीवरच्या सुईला सारखेच हलवू शकतात.

यावर तोड काय, हे तुम्ही घरीच पाहू शकता. टेबलावर होकायंत्र ठेवा. एक तार उत्तर-दक्षिण दिशेत त्याच्या थोडी वर धरा आणि तिची टोके टॉर्चच्या सेलला क्षणभर जोडा. सुई एका बाजूला वळेल. आता प्रवाहाची दिशा तीच ठेवून तार होकायंत्राच्या खाली घ्या. सुई उलट बाजूला वळेल! (तार सेलला फार वेळ जोडून ठेवू नका, ती तापते आणि सेल वाया जातो.) म्हणजे प्रवाहाच्या खाली असताना जो परिणाम जाणवतो, त्याच्या नेमका उलटा परिणाम प्रवाहाच्या वर गेल्यावर जाणवतो. तेव्हा चुंबकीय क्षेत्र मोजणारे उपकरण प्रवाहाच्या आरपार न्यायचे. ज्या उंचीवर परिणाम उलटू लागेल तेथे थराचा तळ, आणि जेथे बदल थांबेल तेथे थराचा माथा.

पण न्यायचे कशातून? बलून ४० किलोमीटरच्या आसपास थकतो. उपग्रह शंभर किलोमीटरवर फिरू लागला, तर हवेच्या घर्षणाने थोड्याच वेळात खाली येईल. मधला हा पट्टा उरतो तो अग्निबाणांसाठी. कोळी लोक दोरीला शिसे बांधून पाण्याचा ठाव घेतात, तसा हवेचा ठाव घेणारे लहान अग्निबाण असतात. ते पृथ्वीभोवती फिरत नाहीत; सरळ वर जातात, काही मिनिटांत समुद्रात पडतात, आणि तेवढ्या वेळात रेडिओवरून मोजमापे कळवत राहतात. १९४९ साली पेरूच्या किनाऱ्याजवळ एका अमेरिकी जहाजावरून असे अग्निबाण सोडले गेले, आणि शंभर किलोमीटरच्या आसपास चुंबकीय क्षेत्र अपेक्षेप्रमाणे घटलेले दिसले. स्ट्यूअर्टचा तर्क खरा ठरला.

थुंबा

डॉ. विक्रम साराभाई भारतात अग्निबाणांचे तळ कोठे असावे याचा शोध घेत होते, तेव्हा चुंबकीय विषुववृत्ताजवळची जागा हवी हे त्यांनी पक्के केले होते. जागा निवडण्याच्या कामात कोल्हापुरात जन्मलेले एकनाथ वसंत चिटणीस त्यांच्याबरोबर होते. तिरुवनंतपुरमजवळचे थुंबा हे मच्छीमारांचे गाव निवडले गेले. तेथील सेंट मेरी मॅग्डलीन चर्चची इमारत हेच पहिले कार्यालय आणि हीच पहिली कार्यशाळा. २१ नोव्हेंबर १९६३ रोजी तेथून पहिला अग्निबाण उडाला. तो अमेरिकेकडून मिळालेला नाइके-अपाची होता, आणि वरच्या थरातील वारे पाहण्यासाठी त्याने संध्याकाळच्या आकाशात सोडियमच्या वाफेचा नारिंगी ढग सोडला. त्या उड्डाणाच्या चमूतील तरुण अभियंत्यांत प्रमोद काळे होते.

लगेच पुढच्या वर्षी, १९६४ मध्ये, विद्युत्झोताची पाळी आली. अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर विद्यापीठाचे कॅहिल व मेनार्ड आणि आपले टी. एस. जी. शास्त्री यांनी थुंबाहून नाइके-अपाची अग्निबाणांत प्रोटॉन चुंबकमापी पाठवले. या उपकरणाची युक्ती इतकी सुंदर आहे, की तिच्यावर थोडे थांबलेच पाहिजे.

एका लहान बाटलीत पाणी किंवा रॉकेलसारखा हायड्रोजनयुक्त द्रव भरतात आणि भोवती तारेचे वेटोळे गुंडाळतात. हायड्रोजनचे केंद्रक म्हणजे प्रोटॉन. प्रत्येक प्रोटॉन हा एक इवलासा, स्वतःभोवती फिरणारा चुंबक आहे. वेटोळ्यातून जोराचा प्रवाह सोडला, की पुष्कळ प्रोटॉन एका दिशेत वळतात. मग प्रवाह एकदम तोडतात. आता प्रोटॉनवर फक्त पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची सत्ता उरते, आणि कलंडू पाहणारा भोवरा जसा डोलत गोल फिरतो, तसे ते सारे मिळून डोलू लागतात. त्यांच्या डोलण्याने त्याच वेटोळ्यात क्षीण विद्युत्-आंदोलने उमटतात. दर सेकंदाला किती वेळा डोलले, हे केवळ चुंबकीय क्षेत्राच्या जोरावर ठरते. क्षेत्र १,००० नॅनोटेस्ला असेल तर सेकंदाला ४२.६ वेळा. थुंबाचे क्षेत्र सुमारे ४०,००० नॅनोटेस्ला. म्हणजे सेकंदाला सुमारे १,७०० आंदोलने. ती ध्वनिक्षेपकावर घेतली, तर बारीक शिट्टीसारखा स्वर ऐकू येतो. चुंबकीय क्षेत्र मोजायचे म्हणजे या शिट्टीची पट्टी ओळखायची!

यात दोन सोयी आहेत. अग्निबाण गरगर फिरत वर जातो. साधी सुई तेथे गोंधळून जाईल. प्रोटॉनला मात्र बाटली कशीही फिरो, डोलण्याची गती तीच राहते. (बाटलीचा आस नेमका क्षेत्राच्या दिशेत आला तर तेवढा वेळ स्वर विरतो, तेव्हा ती कशी बसवायची याची काळजी घ्यावी लागते.) दुसरी सोय थुंबाच्या जागेची. तेथे पृथ्वीचे क्षेत्र आडवे, उत्तरेकडे तोंड करून असते. आणि पूर्वेकडे वाहणाऱ्या झोताचे क्षेत्रही त्याच्या खाली उत्तरेकडे आणि वर दक्षिणेकडे असते. त्यामुळे खाली सरळ बेरीज आणि वर सरळ वजाबाकी.

आता थोडे गणित करू. समजा झोतात दर चौरस किलोमीटरमधून १० अँपिअर प्रवाह जातो आहे. तुमच्या न्हाणीघरातील गीझर जवळजवळ तेवढाच घेतो! अँपिअरच्या नियमाने हिशोब केला, तर अशा थरातून एक किलोमीटर वर चढताना क्षेत्र सुमारे १२.६ नॅनोटेस्लाने उतरते. थर १० किलोमीटर जाड असला तर एकूण उतार १२६ नॅनोटेस्ला. पण पृथ्वीचे स्वतःचे क्षेत्रही उंचीबरोबर दर किलोमीटरला सुमारे १८ नॅनोटेस्ला कमी होत असते. म्हणजे एका मोठ्या उतारावर आलेला लहानसा जादा उतार शोधायचा आहे. अग्निबाणाची उंची ठरवताना एका किलोमीटरची चूक झाली, तर झोताच्या एका किलोमीटरमधील उतारापेक्षाही मोठा खोटा परिणाम कागदावर उमटेल. शिवाय या उंचीवर अग्निबाण सेकंदाला जवळजवळ एक किलोमीटर वेगाने जात असतो. झोत ओलांडायला दहा-पंधरा सेकंद. तेवढ्यात प्रोटॉनना वळवायचे, सोडायचे, स्वर ऐकायचा, पुन्हा वळवायचे. खाली येताना आणखी तेवढीच संधी, आणि मग समुद्र.

थुंबाच्या उड्डाणांनी उत्तर दिले. दुपारी प्रवाह सर्वांत दाट असतो तो सुमारे १०७ किलोमीटरवर, आणि दर चौरस किलोमीटरला सुमारे १० अँपिअर या मापाचा. एक गीझर म्हणजे काय मोठे, असे वाटेल. पण झोताची रुंदी सहाशे किलोमीटरच्या घरात आहे. सारी बेरीज काही दहा हजार अँपिअर होते.

अग्निबाण उडाला त्या दिवशी झोत जोरात होता की मंद, हे ठरवायलाही जमिनीवरचा साक्षीदार लागतो, आणि येथे अलिबाग पुन्हा कामाला येते. अलिबाग चुंबकीय विषुववृत्तापासून दूर आहे. झोताचा परिणाम तेथे पोचत नाही, पण सूर्यावरील घडामोडींमुळे सगळ्या पृथ्वीवर होणारे फेरफार पोचतात. दक्षिणेतील तिरुवनंतपुरम किंवा तिरुनेलवेलीच्या आकड्यांतून अलिबागचा आकडा वजा केला, की उरतो तो बहुतांशी झोत. भारतातील झोताचे बळ शास्त्रज्ञ याच वजाबाकीने मोजत आले आहेत. कधी कधी ही वजाबाकी दिवसाढवळ्या ऋण येते. म्हणजे झोत काही तास उलटा, पश्चिमेकडे वाहतो!

डोंबिवलीचा फलाट आणि पाच किलोमीटरचा घोळ

हा प्रवाह नेमका याच उंचीवर का? सकाळी साडेआठचा डोंबिवलीचा फलाट डोळ्यांपुढे आणा. दोन्ही हातांत पिशव्या घेतलेला जाडजूड गृहस्थ गर्दीत अडकतो, गर्दी नेईल तिकडे जातो. सडपातळ पोरगा मात्र फटीफटीतून निसटतो. आयन हा तो गृहस्थ, इलेक्ट्रॉन हा तो पोरगा, आणि गर्दी म्हणजे हवेचे रेणू. पुष्कळ खाली गर्दी इतकी, की पोरगाही अडकतो. पुष्कळ वर गेले, की फलाट रिकामा; मग दोघेही एकाच दिशेने, एकाच गतीने चालू लागतात. ऋण आणि धन विद्युत् एकत्र चालली, तर प्रवाह शून्य. मधल्या पट्ट्यात मात्र आयन अडकलेले आणि इलेक्ट्रॉन सुटलेले असतात.

दिवसा तेथे वाऱ्यांमुळे निर्माण झालेले, पूर्वेकडे रोखलेले एक दुबळे विद्युत्-क्षेत्र असते. चुंबकीय क्षेत्रात सापडलेला इलेक्ट्रॉन दोन्ही क्षेत्रांना काटकोनात सरकतो, म्हणून तो वर चढू लागतो. थराचा माथा ऋण आणि तळ धन होतो. त्यातून उभे विद्युत्-क्षेत्र तयार होते, आणि ते मूळ क्षेत्राच्या कित्येक पट जोरदार असते. आता हे नवे क्षेत्र इलेक्ट्रॉनना पश्चिमेकडे पळवते. इलेक्ट्रॉन पश्चिमेकडे म्हणजे प्रवाह पूर्वेकडे. इतर अक्षांशांवर चुंबकीय रेषा तिरप्या असतात. त्यांवरून घसरून साठलेला विद्युत्-भार निसटून जातो, आणि हा खेळ जमत नाही.

हा सिद्धान्त चांगला होता. पण त्याने हिशोब केल्यावर सर्वांत दाट प्रवाहाची उंची सुमारे १०२ किलोमीटर येत होती, आणि अग्निबाण सांगत होते १०६-१०७. फरक जेमतेम पाच किलोमीटर, कल्याण ते डोंबिवली एवढासुद्धा नाही. मग तो सोडून का देऊ नये? कारण उंची मोजण्यातील चूक यापेक्षा लहान होती, आणि एकामागून एक उड्डाणे तेच सांगत होती. १९७७ साली फ्रेंच शास्त्रज्ञ गॅन्येपँ व क्रोशे आणि अमेरिकेचे रिचमंड यांनी दाखवले, की हिशोबात इलेक्ट्रॉनच्या टकरी चौपट धरल्या, तर उंची जुळते. चौपट का? झोत जोरात असताना त्यातील विद्युत्-भारांत लाटा आणि खळबळ उठते. आपल्या फलाटावरील सडपातळ पोराला माणसांचे धक्के बसतातच, वर फलाटच हिंदकळू लागला तर तो आणखी अडखळेल, तसेच काहीसे. अडखळणारा इलेक्ट्रॉन मोकळा व्हायला आणखी वर, अधिक विरळ हवेत जावे लागते. जमिनीवर बसून ही खळबळ एवढी महत्त्वाची असेल, असे हिशोब करणाऱ्यांच्या मनात आले नव्हते.

तुमच्या भिंतीवर

आकाशातील प्रवाहाची सावली तुम्हाला घरी पाहता येईल. दोन-तीन सेंटिमीटरचा छोटा पट्टीचुंबक घ्या, त्यावर आरशाचा लहान तुकडा उभा चिकटवा आणि चुंबक पीळ नसलेल्या एका बारीक रेशमी धाग्याने काचेच्या बरणीत आडवा टांगा, म्हणजे वारा लागणार नाही. लेझर पॉइंटरचा किरण आरशावर पाडून त्याचा परावर्तित ठिपका पाच मीटरवरच्या भिंतीवर घ्या. किरण कोणाच्याही डोळ्यांत जाऊ देऊ नका. आपल्या भागात सुई दिवसभरात सुमारे ३ मिनिटे, म्हणजे अंशाचा विसावा भाग फिरते. आरशामुळे हा कोन दुप्पट होतो आणि ठिपका जवळजवळ ९ मिलिमीटर सरकतो. मे महिन्याच्या सुटीत सकाळी सातपासून संध्याकाळी सहापर्यंत दर तासाला पेन्सिलीने खूण करा. सकाळी सुई पूर्वेकडे झुकून दुपारी पश्चिमेकडे जाते का, ते पाहा. एका दिवसावरून काही ठरवू नका. निदान पंधरा दिवसांच्या खुणांची सरासरी काढा.

ठाणे, डोंबिवली, कल्याणला रुळांजवळ राहणाऱ्यांना हा प्रयोग पूर्वी करताच आला नसता. १९२५ साली बोरीबंदर ते कुर्ला विजेची गाडी सुरू झाली, पुढे ती कल्याणपलीकडे गेली, आणि हे सारे १,५०० व्होल्टच्या एकदिश प्रवाहावर चालत होते. गाडी सुटताना हजार अँपिअर आणि त्याहून अधिक प्रवाह ओढला जाई. वरची तार आणि खालचे रूळ पाच मीटर अंतरावर धरून हिशोब करा: हजार अँपिअरमुळे शंभर मीटरवरच्या घरात सुमारे १०० नॅनोटेस्ला. तुमचा ठिपका प्रत्येक लोकलबरोबर दिवसभराच्या चालीच्या दुपटी-तिपटीने उडाला असता. २०१६ पर्यंत मध्य रेल्वेच्या सगळ्या उपनगरी मार्गांवर टप्प्याटप्प्याने २५,००० व्होल्टचा प्रत्यावर्ती प्रवाह आला. तो सेकंदाला पन्नास आवर्तने करतो. सुईला त्याच्या मागे धावणे जमत नाही, म्हणून ती जागीच राहते.

लोखंडी कपाट, लिफ्ट आणि पंखा यांपासून मात्र बरणी दूर ठेवा, आणि पंधरा दिवस तेथील कोणतीही लोखंडी वस्तू हलवू नका. ठिपका एकदम सरकलेला दिसला, तर आकाशाकडे पाहण्याआधी खिडकीखाली कोणी स्कूटर आणून लावली आहे का, ते पाहून या.